अकरा काळ्या मेंढ्या

पत्ते वाटणाऱ्या रोवेनाने तिसऱ्या खुर्चीपुढे किलवरची अठ्ठी ठेवली आणि बेनिताच्या डोक्यातला आकडा गेला. चुकला नाही. चुकणं तिच्या ओळखीचं होतं. तीस-एक वर्षं पत्ते मोजणारं माणूस कधीतरी एक कमी धरतं, कधी एक जास्त धरतं, आणि भातात खडा लागावा तसं ते लगेच कळतंही. हा गेलाच. कपाळाच्या मागे, जरा डावीकडे, जिथे तो रोज बसलेला असायचा, तिथे चाचपून पाहिलं तर जागा रिकामी. त्यातून अठ्ठी. तिच्या हिशेबात अठ्ठीला काही किंमतच नाही. सत्ती, अठ्ठी, नव्वी बघायच्या आणि सोडून द्यायच्या. एखादा राजा-बिजा पडला असता आणि वजा करताना गडबडले असते, तर समजलं असतं, असं तिला वाटलं. काहीही न मागणाऱ्या पत्त्यावर आपण रिकाम्या झालो, याचंच तिला आधी नवल वाटलं, आणि मग भीती.

"तुमची पाळी, बाई," रोवेना म्हणाली. तिचे हात हिरव्या कापडावर सपाट ठेवलेले होते. तिच्या बोटातली अंगठी, टेबलाच्या कडेची रबरी पट्टी, पलीकडे नळकांड्यातून प्राणवायू ओढत जुगाराच्या यंत्राची कळ दाबणारा म्हातारा, गालिच्यावर सांडलेल्या कॉफीचा वास, सगळं जागच्या जागी होतं. "माझी? खरंच की," बेनिता म्हणाली. आणि ते वाक्य तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे एडनाचं वाक्य आहे.

एडना म्हणजे दुसरीतिसरी कोणी बाई नव्हती. रीनो शहरातल्या कॅसिनोंना 'एकवीस'च्या, म्हणजे ब्लॅकजॅकच्या, टेबलावर पत्ते मोजणारी माणसं नको असतात. मोजणं हा काही गुन्हा नाही, पण घर त्यांचं, टेबल त्यांचं. दाराकडे बोट दाखवायला त्यांना कारण लागत नाही. म्हणून बेनिताने फार वर्षांपूर्वी एडना तयार केली. एडना चष्मा शोधते आणि तो गळ्यातच लटकत असतो. एडना दर दोन डावांनी विचारते, "एक्का एक धरायचा की अकरा?" एडना मुद्दाम एक वाईट पत्ता मागून घेते आणि हरते आणि "अगंबाई!" म्हणून स्वतःच हसते. छतातल्या कॅमेऱ्यांमागे बसलेल्यांना ही एडना दिसते. तिच्या आत बेनिता शांतपणे मोजत असते, दुरीपासून छक्कीपर्यंतचा कोणताही पत्ता पडला की एक मिळवा, दश्शी, चित्रं आणि एक्के पडले की एक वजा करा. लहान पत्ते निघून गेले म्हणजे ज्या पेटीतून पत्ते वाटतात, तिच्यात मोठे उरले. मोठे उरले म्हणजे वारं आपल्या बाजूचं. एवढंच शास्त्र आहे. शाळकरी पोरालाही अर्ध्या तासात समजेल. समजायला सोपं आणि करायला महाकठीण अशा ज्या गोष्टी जगात आहेत, त्यातली ही एक.

वारं आपल्या बाजूचं झालं, असं तिने थोड्या वेळापूर्वीच चष्मा कपाळावर चढवून कळवलं होतं. त्यामुळे वेंडेल आता टेबलाकडे येत होता. वेंडेल तिचा नवरा. पण कॅसिनोच्या आत तो तिचा कुणी नसे. तीस-एक वर्षांत या दोघांनी कॅसिनोच्या छपराखाली एकमेकांना कधी ओळख दिली नव्हती. एकदा जिन्यावर तिचा पाय मुरगळला, तेव्हाही तो बाजूने निघून गेला होता, आणि बाहेर गाडीत बसल्यावर रडला होता. आता तो उंच टोपी घालून, वायोमिंगहून आलेल्या गुरांच्या व्यापाऱ्यासारखा, शेवटच्या खुर्चीवर बसला आणि त्याने तिच्याकडे न बघता जांभई दिली. तिने बोलता बोलता आकडा सांगायचा, अशी रीत. प्रत्येक आकड्याला एक शब्द ठरलेला. हातमोजे म्हणजे पाच. अंडी म्हणजे बारा. आणि आकडाच हरवला, तर गळ्यातला रुमाल सोडून मांडीवर ठेवायचा. मग त्याने काही न लावता उठून जायचं. हा रुमाल ठरवला तेव्हा दोघं खूप हसले होते. तिने तो आजवर एकदाही सोडला नव्हता.

तिचा हात गळ्यापर्यंत गेला. रुमालाची गाठ बोटांना लागली. "हे बघा," ती रोवेनाला म्हणाली, "माझी अंडी मी गाडीतच विसरले वाटतं. डझनभर अंडी. उन्हात." असं का म्हणाली, ते तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. वेंडेलने टोपी मागे सरकवली आणि जांभळ्या चिप्सची चवड पुढे सारली. त्याला एक्का आला, त्यावर राणी आली, नेमके एकवीस. पुढच्या डावात वाटणारीचे पत्ते एकविसाच्या वर गेले आणि ती हरली. नंतर पुन्हा एक्का. पेटी संपेपर्यंत वेंडेलसमोर चिप्सची भिंत उभी राहिली, आणि ती सगळी एका बनावट अंड्यांच्या डझनावर उभी होती.

नेमकी हीच या विद्येची खोड. बाकी खोडी सगळ्यांना ठाऊक असतात: पत्ते सारखे पिसत राहणारी यंत्रं आली की मोजणं मेलं, पेटी अर्ध्यावरच बंद करणारी वाटणारी भेटली की मोजण्यात काही राम नाही, तुम्ही चांगले असाल तर बाहेर काढतात. पण खरी खोड ही, की ती तुम्हाला कधी शाबासकी देत नाही आणि कधी कानफटातही मारत नाही. बरोबर मोजलं, तरी शंभरात एखादाच डाव काय तो जास्तीचा पदरात पडायचा. बरोबर मोजून माणूस सहा-सहा महिने हरतं. चुकीचं मोजून जिंकतं. वेंडेल नव्या लोकांना बजावायचा, की पत्त्यांकडून न्याय मागू नका, ते तुमचे सासरे नव्हेत. गेला हिवाळाभर ते दोघं हरत होते. "वाईट दिवस आहेत, सरतील," वेंडेल म्हणत होता, आणि अशा दिवसांना तो खूप वेळा तोंड देऊन बसलेला असल्यामुळे बेनितानेही मान डोलावली होती. आज पहिल्यांदा तिला वाटलं, की वाईट दिवस वगैरे काही नव्हतं. मीच होते.

नदीपलीकडच्या बास्क खाणावळीत लांबच लांब टेबलांवर सगळी अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. सूप येतं, घेवडा येतो, मग मेंढीचं मटण, आणि वाइनची बाटली न मागता समोर. बेनिता या बास्क लोकांतलीच. तिचे वडील सतरा वर्षांचे असताना फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरातून नेवाडात मेंढ्या राखायला आले. ती त्यांना बास्क भाषेत आइता, म्हणजे बाबा, म्हणायची. वेंडेल मात्र परका, रस्ते खात्यातला मोजणीदार, डोळ्याला दुर्बीण लावून डोंगर मोजणारा. पण या मटणावर त्याचा जीव. जिंकल्याच्या आनंदात त्याने दोघांसाठी पिकोन नावाचं कडवट मद्य मागवलं. "डझनभर अंडी उन्हात!" तो म्हणाला. "बेनी, आज तू कमाल केलीस. अगं, मी हसणारच होतो."

"वेंडेल, आकडा नव्हता."

"कुठला आकडा?"

"कुठलाच. माझ्या डोक्यात काही नव्हतं. मी अंडी बनवून सांगितली."

तो चावायचा थांबला. मग त्याने हसू आणलं. "एडना का? गेल्या आठवड्यात फ्रीजमध्ये किल्ल्या ठेवून गेली, तीच ना? तिला म्हणावं, बाई, घरी येत जाऊ नकोस." ही त्यांची घरातली जुनी थट्टा होती. दूध उतू गेलं की एडना, पुतणीचं नाव आठवलं नाही की एडना. बेनिता स्वतःच ती आधी करायची. आज ती हसली नाही, तेव्हा वेंडेलने काटा खाली ठेवला आणि हळू आवाजात, शेजारच्या माणसाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "मग रुमाल का नाही सोडलास?"

ती बशीतल्या घेवड्याकडे बघत राहिली. लाज वाटली, असं म्हणता आलं असतं. ते खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी रुमाल सोडणं म्हणजे काहीतरी कायमचं सोडणं, असं तिच्या बोटांना वाटलं होतं, आणि बोटं मागे फिरली होती. "माहीत नाही," ती म्हणाली. "अगं, मला बासष्टाव्या वर्षापासून माणसांची नावं आठवत नाहीत," वेंडेल म्हणाला, "कालच बँकेतल्या त्या पोराला मी त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली. सगळ्यांचं होतं." त्याने तिच्या ताटात आपल्यातला मटणाचा तुकडा वाढला. तो घाबरला की वाढतो, हे तिला माहीत होतं.

आइताला मेंढ्या मोजायची एक युक्ती होती. अकराशे मेंढ्या रोज कोण मोजणार? म्हणून कळपात दर शंभर पांढऱ्यांमागे एक काळी ठेवायची. संध्याकाळी टेकडीवर उभं राहायचं आणि फक्त काळ्या मोजायच्या. अकरा भरल्या, की कळप आहे. दहाच भरल्या, तर कुठेतरी शंभरेक मेंढ्या भरकटल्यात, कुत्रा घेऊन निघायचं. लहानपणी उन्हाळ्यात ती त्याच्याबरोबर वर डोंगरात राहायची, तेव्हा ते काम तिचं होतं. "पोरी, किती?" तो विस्तव फुंकता फुंकता विचारायचा. "अकरा!" ती ओरडायची, आणि मग सूप. पुढे वेंडेलने तिला पत्ते शिकवले, ते त्याच्या मोठ्या पद्धतीने. त्यात प्रत्येक पत्त्याला वेगळी किंमत, कुणाला दोन, कुणाला तीन, आणि एक्के वेगळे मोजायचे, तेही टेबलाखाली पावलं वळवून. कागदावर ती पद्धत अशी देखणी होती, की वेंडेल तिच्याकडे पुलाच्या नकाशाकडे बघावं तसा बघत बसायचा. तासाभरात डोकं फुटायची वेळ यायची. "हे असलं माझ्याने होणार नाही," तिने तेव्हा सांगितलं होतं. "मी काळ्या मेंढ्या मोजणार. एक मिळवा, एक वजा करा, बास." त्यावरून महिनाभर भांडणं झाली. तो म्हणायचा, तुझी पद्धत जाडीभरडी आहे. ती म्हणायची, तुझी बारीक आहे आणि दुपारी दोनला झोपते. शेवटी तो स्वतःच्याच पद्धतीने अकरा वेळा चुकला आणि गप्प बसला. तिची जाडीभरडी सकाळी जशी असायची तशीच संध्याकाळी. त्याच जोरावर घर झालं, दोन मुलांची शिक्षणं झाली, आणि एकदा, आयुष्यात एकदाच, तिला कॅसिनोतून बाहेर काढलं गेलं.

ते ग्रिग्जने केलं होतं. तेव्हा तो नदीकाठच्या एका मोठ्या हॉटेलात टेबलांवरचा तरुण साहेब होता. त्याने तिच्या खांद्याशी वाकून अगदी अदबीने म्हटलं, "बाई, तुमचा खेळ आम्हाला झेपत नाही. दुसरं काहीही खेळा, पण एकवीस नको." चारी बाजूंनी माणसं बघत होती. एखाद्या चोराला काढावं तसं तिला दारापर्यंत पोचवलं, आणि ती गाडीत बसून इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. "झेपत नाही म्हणाला!" ती वेंडेलला पुन्हा पुन्हा सांगत होती. आइताच्या या शाळा न शिकलेल्या मुलीला तसं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नव्हतं. तेव्हापासून ग्रिग्ज जिथे असेल, तिथल्या त्याच्या पाळीला ते जात नसत. आता तो म्हातारा होऊन या लहान कॅसिनोत सकाळच्या पाळीला आला होता, म्हणून हे दोघं दुपारी यायचे.

त्या संध्याकाळी घरी वेंडेलने पत्त्यांचा कॅट काढला. ही जुनी कसरत. एक पत्ता न बघता बाजूला काढून उपडा ठेवायचा, बाकीचे झरझर उलटत जायचे, आणि शेवटी आकड्यावरून सांगायचं, की बाजूला काढलेला पत्ता लहान, मोठा की मधला. बेनिता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. बाहेर वाऱ्याने कुंपणाचं फाटक आपटत होतं. तिने सगळे उलटले. "मोठा," ती म्हणाली. वेंडेलने पत्ता सरळ केला, बदामचा गुलाम. दुसऱ्यांदा. "लहान." इस्पिकची तिरी. तिसऱ्यांदाही बरोबर. "बघ!" वेंडेल म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतकी सुटका होती, की तिला त्याची दया आली. "काही झालेलं नाही तुला. उगाच आपला जीव टांगणीला लावलास." तो शीळ घालत भांडी घासायला गेला.

तिला मात्र तो वसंत आठवत होता. ती बारा-तेराची असेल. संध्याकाळी अकरा भरल्या होत्या. दोन-तीनदा मोजल्या, अकराच. दुसऱ्या दिवशी घळीत चाळीस-एक पांढऱ्या मेंढ्या मरून पडलेल्या सापडल्या. बर्फ वितळून कडा ढासळला होता. मालक येऊन वाट्टेल ते बोलला. आइता टोपी हातात घेऊन एवढंच म्हणत राहिला, "काळ्या सगळ्या होत्या हो. काळ्या सगळ्या होत्या." पद्धतीत खोट नव्हती. ती ढोबळ गोष्टीच सांगणार, हे तिने कधी लपवलं नव्हतं. आणि पुढे कित्येक वर्षांनी, एल्कोच्या वृद्धाश्रमात, आइता दिवसभर खिडकीशी उभा राहायचा आणि खाली वाहनतळावरच्या काळ्या गाड्या मोजायचा. अकरा भरल्या की खुशीत जेवायचा. बेनिता भेटायला गेली, की तिला तो आपली बहीण समजायचा. पण मोजायला बसला की चुकायचा नाही. म्हणजे तिला आजवर वाटत होतं, की चुकायचा नाही. आपण कधी त्याच्या शेजारी उभं राहून खाली नीट पाहिलं होतं का, हे आता तिला आठवेना. तो "अकरा" म्हणायचा आणि ती "हो आइता, अकरा" म्हणायची. तिला फार घाई असायची.

भांडी घासून वेंडेल परत आला, तेव्हा ती म्हणाली, "उद्या सकाळी मी जाणार. ग्रिग्जच्या पाळीला. एकटी बसणार, आणि उघड खेळणार."

"उघड म्हणजे?"

"आकडा चढला की पैसे वाढवणार, उतरला की कमी करणार. एडना नाही, चष्मा नाही, काही नाही."

"वेड लागलंय का तुला?" हे बोलून वेंडेलने जीभ चावली. मग चिडूनच म्हणाला, "अगं, अर्ध्या तासात काढतील. फोटो काढून गावभर वाटतील. आपल्याला या शहरात कुणी दार उघडणार नाही. मग खायचं काय?"

"काढू देत. काढलं तर मी तुला मटण खाऊ घालीन."

"घरी बरोबर आलं ना तीनदा?"

"घरी तू होतास समोर," ती म्हणाली. "घरी फाटक तेवढं वाजत होतं. तुला मी हवी आहे, म्हणून तू मला पास करणार. पत्ते तर काय, वेड्यालाही जिंकवतात. त्या वर बसलेल्या लोकांना माझ्याशी काही देणंघेणं नाही. ते मोजतील माझ्याबरोबर, एकेक पत्ता, आणि मी बरोबर असले तर त्यांच्या पोटात दुखेल. मला ते दुखायला हवंय, वेंडेल." वेंडेलने टेबलावरचे पत्ते गोळा केले, नीट जुळवले, पुन्हा विस्कटले. शेवटी म्हणाला, "मी खांबापाशी उभा राहतो." तो एवढंच म्हणू शकत होता.

सकाळी टेबलं अर्धी झाकलेली असतात. योगायोगाने रोवेनाच होती. तिने दुसऱ्या कुणाची तरी पाळी घेतली होती. "आज लवकर, बाई? अंड्यांचं काय झालं?" "उकडली उन्हातच," बेनिता म्हणाली आणि पहिल्या खुर्चीवर बसली. आकडा होता. सकाळीच उठल्यासारखा, स्वच्छ, कपाळामागे डावीकडे. पंजी, छक्की, राणी, दुरी. मिळवा, मिळवा, वजा, मिळवा. तिला इतकं हलकं वाटलं, की गाणं म्हणावं. आकडा चढला तशी तिने चिप्सची चवड उचलून पुढे ठेवली, भीडभाड न ठेवता, नवशिकी पोरंसुद्धा ठेवणार नाहीत इतक्या उघडपणे. उतरला तशी एकच चिप. कुणी आंधळ्यानेही ओळखलं असतं. पहिली पेटी संपली, दुसरी लागली. अठ्ठ्या येऊन गेल्या. तिने त्यांच्याकडे मुद्दाम नीट पाहिलं, आणि आकडा हलला नाही. नव्व्या आल्या. राजे आले. कधी जिंकली, कधी हरली, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. तिचं लक्ष ग्रिग्जकडे होतं. त्याने तिला ओळखलं होतं, हे तिने पाहिलं. तो मधल्या फोनपाशी गेला, बोलला, वर छताकडे नजर टाकून पुन्हा बोलला. हां, आता वर त्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या असतील, तिच्या मनात आलं, आता मोजतायत. मोजा लेको! पाठीचा कणा ताठ करून ती बसली होती. खांबापाशी वेंडेल टोपी हातात घेऊन उभा होता.

तिसरी पेटी अर्धी झाली, तेव्हा फोन वाजला. ग्रिग्जने बराच वेळ ऐकून घेतलं. मग रिसीव्हर हळूच ठेवला आणि तिच्याकडे चालत आला. पूर्वीसारखाच तो तिच्या खांद्याशी वाकला. त्याच्या तोंडाला पुदिन्याच्या गोळीचा वास होता. ती वाट पाहत होती.

"ओळखलंत का मला?" तो म्हणाला.

"तुमचा खेळ झेपत नाही म्हणाला होतात," ती म्हणाली. "बोला."

त्याने टेबलाची कडा दोन्ही हातांनी धरली. "मी वरच्या पोरांना सांगितलं, ही बाई खमकी आहे, नजर ठेवा. त्यांनी तुमच्याबरोबर मोजलं." त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली. "तुम्ही निवांत खेळा, बाई. हवं तितका वेळ. दुपारचं जेवण आमच्याकडून." आणि त्याने ती जेवणाची चिठ्ठी तिच्या चिप्सशेजारी ठेवली.

"किती चुकत होतं?" तिने विचारलं.

"जाऊ द्या ना."

"मिस्टर ग्रिग्ज, मी मुद्दाम तुमच्या पाळीला आलेय."

ग्रिग्जने रोवेनाकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघू लागली. "दुसऱ्या पेटीनंतर त्यांनी मोजणं सोडून दिलं, बाई," तो म्हणाला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढून घेतला आणि तो निघून गेला.

बेनिताने आपल्या आत पाहिलं. आकडा अजून होता. स्वच्छ, ठळक, नऊ. कालच्या त्या रिकाम्या जागेची तिला भीती वाटली होती, आणि ती जागा तर तिच्याशी खरं बोलली होती. हा मात्र तिथे छान हसत बसला होता, आणि तो कुणाचा होता, कुठून आला होता, देव जाणे. बरोबर आकडाही आतून असाच दिसत असणार. आइताला वाहनतळावर किती गाड्या दिसत असतील, चार? सात? आणि आपण म्हणत होतो, हो आइता, अकरा. तिला एकदम त्या घाईने म्हटलेल्या सगळ्या "हो" आठवल्या आणि फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की तो निदान पोटभर जेवत होता.

"थांबू का, बाई?" रोवेनाने विचारलं. "नको, वाट," बेनिता म्हणाली. मग तिने दोन्ही हात गळ्याशी नेले. गाठ घट्ट बसली होती. नखाने उकलावी लागली. तिने निळा रुमाल काढला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला.

खांबापासून टेबलापर्यंतचं अंतर वेंडेल टोपी न घालताच चालत आला. ठरल्याप्रमाणे त्याने बाजूने निघून जायला हवं होतं. तो आला, तिच्या लगतची खुर्ची ओढली आणि बसला, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. टेबलावर ठेवलेल्या तिच्या हातावर त्याने आपला हात ठेवला. वर छतात कॅमेरे होते, फोनपाशी ग्रिग्ज होता.

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" रोवेना म्हणाली.

"मी नवरा आहे हिचा," वेंडेल म्हणाला. हे वाक्य त्याने या छपराखाली पहिल्यांदाच उच्चारलं आणि ते जरा मोठ्याने निघालं; प्राणवायूवाल्या म्हाताऱ्यानेही मान वळवली. "आम्हा दोघांनाही वाट."

रोवेनाने पत्ते वाटले. वेंडेलला काय आलं, ते त्याने पाहिलंही नाही. बेनितापुढे छक्की आली आणि तिच्यावर चौकटचा एक्का. तिने त्या दोन पत्त्यांकडे बराच वेळ पाहिलं. हिशेब समोर होता, तिला दिसत होता, आणि तो धरवत नव्हता.

"वेंडेल," ती म्हणाली, "एक्का एक धरायचा की अकरा?"

रोवेना सवयीने हसणार होती. पण तिने वेंडेलकडे पाहिलं आणि ती हसली नाही.

"तुला हवा तसा धर, बेनी," वेंडेल म्हणाला. "दोन्ही चालतं."